पान एकोणसाठावरचा होकार

दर शुक्रवारी अकराच्या सुमारास वरच्या कोर्टाची यादी यायची, आणि दर शुक्रवारी सकाळपासूनच थोरलीच्या पोटात दुखायला लागायचं.

वरचं कोर्ट म्हणजे राज्यातलं सगळ्यात वरचं. इथल्या पाच कोर्टांतले निकाल ज्यांना मानवायचे नाहीत ते तिथे अपील करायचे, आणि आठवड्याभरात ज्या अपिलांचा फैसला झाला त्यांची यादी रेकॉर्ड विभागाच्या फलकावर लागायची. एका ओळीत खटल्याचा नंबर, इथल्या कोर्टाचा नंबर आणि शेवटी एक शब्द. कायम, नाहीतर रद्द.

आता निकाल देतात न्यायाधीश, भांडतात वकील. समोर खाली बसलेल्या स्टेनोनं बोललेलं उतरवून घ्यायचं आणि संध्याकाळी टाइप करून द्यायचं, एवढंच तिचं काम. त्या कायम-रद्दशी तिचा काडीचा संबंध नाही. पण हे सांगणार कुणाला? पाचही कोर्टांच्या स्टेनो त्या फलकासमोर अशा उभ्या राहायच्या, जशा काही पोरांचे दहावीचे मार्क बघायला आल्यात. आपल्या साहेबांचा निकाल कायम झाला की हिची मान ताठ, रद्द झाला की हिचंच तोंड एवढंसं. हसू नका, वीस-बावीस वर्षं एकाच माणसाचे शब्द उतरवले की असंच होतं.

थोरली दोन नंबरच्या कोर्टात बावीस वर्षं होती. तिच्या साहेबांचे निकाल वरती टिकायचे तसे, पण अधूनमधून आपटायचे. दोन वर्षांत सहा रद्द. आणि चार नंबरच्या कोर्टाचे? चौदा अपिलं, चौदाही कायम. त्या चार नंबरच्या कोर्टात स्टेनो म्हणून कोण बसायची, तर थोरलीची सख्खी जाऊ, धाकट्या दिराची बायको. एकच घर, खाली थोरली, वर धाकटी. सकाळी एकाच बसनं यायच्या, संध्याकाळी एकाच बसनं जायच्या. ती चौदा अपिलं थोरलीच्या डोळ्यांत चौदा कुसळांसारखी खुपायची.

त्यातून मजा अशी, की धाकटीला या नोकरीत आणली ती थोरलीनंच. आठ वर्षांपूर्वी ती बिचारी शॉर्टहँडची परीक्षा देऊन घरी बसली होती. थोरलीनं अर्ज आणून दिला, स्वतःच्या जुन्या वह्या दिल्या, पहिल्या दिवशी हात धरून कोर्टात नेऊन बसवलं. तेव्हा धाकटी ‘ताई, ताई’ करत मागे-मागे असायची. तेव्हा ती थोरलीला फार आवडायची. खरं सांगायचं तर ती आपल्यापेक्षा कमी होती तोवरच आवडायची.

आणि कामाची तऱ्हा तरी काय होती धाकटीची! थोरलीचं रेकॉर्ड कसं, आरशासारखं स्वच्छ. साक्षीदार अडखळला, खोकला, रडला, तिच्या कागदावर त्यातलं काही यायचं नाही. प्रश्न, उत्तर, प्रश्न, उत्तर. धाकटी मात्र सगळं लिहायची. कंसात ‘मान हलवली’. कंसात ‘उत्तर नाही’. कंसात ‘पाणी मागितलं’. नियमच तसा होता म्हणा. पण नियम काय, पुस्तकात खूप असतात. थोरली डबा खाताना इतर बायकांना सांगायची की आमच्या जाऊबाई शांतता टाइप करतात, कागदाचे पैसे सरकारचे, यांचं काय जातंय. सगळ्या हसायच्या. वरच्या कोर्टाच्या एका न्यायाधीशांनी मात्र निकालातच लिहिलं होतं की चार नंबरच्या कोर्टाचं रेकॉर्ड वाचताना प्रत्यक्ष तिथे बसल्यासारखं वाटतं. ते वाक्य घरी सासूबाईंपर्यंत पोचलं. सासूबाईंनी ते आल्या-गेल्या प्रत्येकाला ऐकवलं, तेही थोरली चहा आणून ठेवत असताना.

या सगळ्यावर कळस म्हणजे मोठ्या बाई निवृत्त होत होत्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्य स्टेनो. दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली त्यांची. तिला मोठी खिडकी, खाली झाडं, दारावर नावाची पाटी. थोरलीनं त्या खोलीत पडदा कुठल्या रंगाचा लावायचा हेसुद्धा सहा वर्षांपूर्वी ठरवून ठेवलं होतं. आता त्या जागेसाठी प्रबंधकांपुढे दोन नावं होती, एक तिचं आणि एक धाकटीचं. निर्णय सोमवारी होता. बावीस वर्षं झिजायचं आणि कालच्या पोरीनं खिडकीत जाऊन बसायचं, या विचारानं थोरलीचा नुसता तिळपापड व्हायचा.

त्या शुक्रवारी यादी लागली. थोरलीनं सवयीनं आधी चार नंबर शोधला. सातवी ओळ. पार्सलच्या गाडीच्या चालकाचा खटला, अपील मंजूर, आणि शेवटचा शब्द: रद्द.

तिनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. रद्दच होतं. शिवाय खाली तारा काढून एक ओळ होती की साक्षीच्या नोंदीतल्या चुकीबद्दल संबंधितांकडून खुलासा घ्यावा. साक्षीची नोंद म्हणजे काय? म्हणजे स्टेनो! यावेळी साहेबही नाहीत, वकीलही नाहीत, थेट जाऊबाईच. थोरलीला इतका आनंद झाला की तिचे कान गरम झाले. तोंडानं ती ‘अरेरे, बिचारी’ म्हणाली, आणि जेवणाच्या सुट्टीत समोरच्या दुकानातून भारीतल्या बिस्किटांचा डबा घेऊन आली. कशाबद्दल, म्हणून कुणी विचारलं तर म्हणाली, सहजच, ग.

संध्याकाळी बसमध्ये धाकटी शेजारी बसली होती, खिडकीबाहेर बघत. थोरलीनं तिचा हात हातात घेतला, होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नकोस वगैरे म्हणाली. धाकटीनं तिच्याकडे वळून पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि परत खिडकीबाहेर बघू लागली. थोरलीला वाटलं, झोंबल्यात मिरच्या. त्या रात्री तिला छान झोप लागली.

शनिवारी सुट्टी. पूर्ण निकाल सगळ्यांना बघायला मिळायचा, तो थोरलीनं छापूनच आणला होता. चव घेत घेत वाचायचा असा बेत होता. नवरा बाजारात गेल्यावर तिनं चहा केला, पाय वर घेतले आणि सुरुवात केली.

खटला तसा साधा होता. पार्सलची गाडी वळणावर एका सायकलवाल्या बाईला लागली, बाईचा पाय कायमचा गेला. वळताना चालकाच्या हातात फोन होता का, हा सगळा प्रश्न. बघणारा एकच, कोपऱ्यावरचा घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा. रेकॉर्डमध्ये पान एकोणसाठावर प्रश्न होता, ‘गाडी वळली तेव्हा चालकाच्या हातात फोन होता का?’ आणि खाली उत्तर, ‘हो.’ त्या एका उत्तरावर चालकाला शिक्षा झाली. चौदा महिने तो आत होता. वरच्या कोर्टानं मात्र त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण मागवून ऐकलं, तर प्रश्नानंतर सात सेकंद काहीच नाही. खुर्ची करकरते, आणि मग वकील पुढचा प्रश्न विचारतो. ‘हो’ कुणी म्हटलेलंच नाही. निकालात असंही होतं, की त्या पानाला पेन्सिलनं लिहिलेली एक छोटी चिठ्ठी टाचलेली आहे, ‘हे उत्तर ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहावे’. खालच्या कोर्टात ती कुणाच्या नजरेस पडली नाही, अपिलातल्या वकिलाच्या पडली.

इथवर थोरली मजेत वाचत होती. मग तिची नजर साक्षीच्या तारखेवर गेली.

ती तारीख तिला पाठ होती. धाकटीच्या मुलीला शाळेतून तापानं फणफणलेली घरी आणली होती, आणि धाकटी मधल्या सुट्टीत निघून गेली होती. त्या दुपारी चार नंबरच्या कोर्टात बदली म्हणून थोरली बसली होती. एकच तास, खटला कुठला हेही पुढे तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. म्हातारा घड्याळवाला साक्षीला उभा होता. प्रश्न विचारला, त्यानं मान हलवली, साहेब खाली बघून काहीतरी लिहीत होते, आणि थोरलीनं तिच्या आरशासारख्या पद्धतीनं लिहून टाकलं, हो. संध्याकाळी टाइप करून पानं धाकटीच्या कपाटात ठेवली. बांधलेल्या प्रतीवर नाव लागलं ते चार नंबरच्या नेहमीच्या स्टेनोचं.

चहा गार झाला. कारण तिला पुढचंही आठवलं, आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी धाकटी खाली आली होती. थोरली कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटी दारातच उभी राहून म्हणाली होती, ‘ताई, त्या आजोबांची मान सारखीच हलते. वयानं. नाही म्हणतानाही हलते. आदल्या दिवशी ते साक्षीला होते तेव्हा मी बघितलंय. पान एकोणसाठ तेवढं दुरुस्त करून सही कराल का?’

ज्या स्टेनोनं पान घेतलं तिनंच दुरुस्त करायचं, असा नियम. दहा मिनिटांचं काम. निकालाला अजून दोन महिने होते. आणि थोरली काय म्हणाली होती? आठवड्यापूर्वीच त्या ‘प्रत्यक्ष तिथे बसल्यासारखं वाटतं’चं कौतुक घरभर झालं होतं. थोरलीच्या अंगाची आग-आग झाली होती. ती म्हणाली होती, ‘तुला पेन्सिल धरायला मी शिकवलं. मला शिकवायला येऊ नकोस.’

धाकटी मुकाट्यानं वर निघून गेली होती. पुन्हा तिनं विषय काढला नाही. चिठ्ठी तिनंच टाचली असणार.

शनिवार आणि रविवार थोरलीनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. पण कुणाला वाटेल की तिला पश्चात्ताप झाला, तर तसं नाही. झाला थोडा, मधूनमधून. जास्त वेळ ती हिशोब करत होती. प्रतीवर नाव धाकटीचं. बदल्यांची नोंद असलेली वही धाकटीच्याच कपाटात. धाकटीनं वही काढून दाखवली तर थोरली मेली. नाही दाखवली तर खिडकी थोरलीची. वरच्या मजल्यावर धाकटीच्या पावलांचा आवाज आला की थोरली कान टवकारायची. आता खाली येईल, भांडेल, बोलेल काहीतरी. ती आली नाही. का येत नाही ही बया, म्हणून थोरलीला तिचा आणखीच राग आला.

सोमवारी रेकॉर्डच्या खिडकीवर पाळी थोरलीची होती. पहिलाच माणूस आला तो पन्नाशीचा, सैल झालेला शर्ट, हातात अर्ज. त्यानं खटल्याचा नंबर सांगितला आणि थोरलीचा हात अर्जावर तसाच राहिला. पार्सलच्या गाडीचा चालक. त्याला अख्खी प्रत नको होती. फक्त एक पान बघायचंय, म्हणाला.

तिनं बांधलेली प्रत आणली, पान एकोणसाठ उघडलं आणि काचेखालून पुढे सरकवलं. तो वाचायला हळू होता. बोट फिरवत ओळीवर आला, थांबला. त्या ‘हो’वर त्याचं बोट पूर्ण मावत होतं, अक्षर दिसेनासं झालं.

‘एवढंसंच आहे?’ तो म्हणाला. चिडून नाही. हरवलेली किल्ली डोळ्यांसमोरच सापडावी तसा म्हणाला. मग त्यानं प्रत परत सरकवली, आभार मानले आणि गेला. थोरलीनं प्रत मिटली. ती उचलायला तिला दोन्ही हात लागले.

तेवढ्यात शिपाई आला. प्रबंधकांची स्टेनो आजारी होती, खुलासा उतरवून घ्यायला तुम्हाला बोलावलंय, म्हणाला. कुणाचा खुलासा, हे विचारायची गरज नव्हती.

प्रबंधकांच्या टेबलासमोर धाकटी बसली होती, हात मांडीवर. थोरली बाजूच्या खुर्चीत बसली, वही उघडली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या पेन्सिलीचं टोक कागदावर टेकायच्या आधीच मोडलं. दुसरी पेन्सिल धाकटीनं पर्समधून काढून दिली. टोक केलेली. असतेच तिच्याकडे.

प्रबंधक घाईचे गृहस्थ, कागदावरची नजर न काढता विचारायचे. ही चिठ्ठी तुमची का? धाकटी म्हणाली, हो, माझी. म्हणजे चूक तुमच्या लक्षात आली होती? आली होती. मग साहेबांना सांगितलं का नाही? धाकटी म्हणाली, ‘सांगायला हवं होतं. घरात वाद नको म्हणून मी गप्प बसले. एक माणूस चौदा महिने आत राहिला. त्यात माझी चूक आहेच.’

प्रबंधकांना घर कुठून आलं ते कळलं नाही, पण ते थोडे मऊ पडले. इतक्या सरळपणे चूक कबूल करणारी माणसं हल्ली मिळत नाहीत, असं काहीसं म्हणाले. मोठ्या बाईंच्या जागेसाठी मनाचा असा मोठेपणाच लागतो, एवढी एक चूक झाली नसती तर, असंही पुटपुटले. थोरली हे सगळं उतरवत होती. मनाचा मोठेपणा! तेही हिलाच. म्हणजे जागा गेली तरी ही मोठी, आणि आपण खिडकीत बसलो तरी लहानच. आयुष्यभर त्या पडद्यामागे बसून आपल्याला ठाऊक असणार, की ही खोली जाऊबाईंनी दिलेली आहे. आणि ही बसमध्ये शेजारी बसणार, एक अक्षर न बोलता, अशीच चांगली.

‘थोडक्यात,’ प्रबंधक कागद उलटत म्हणाले, ‘पान एकोणसाठ तुम्हीच घेतलं होतं. बरोबर?’

धाकटीनं थोरलीकडे पाहिलं नाही. समोर बघत तिनं हळूच मान हलवली, खाली-वर, अगदी थोडी. तोंडातून शब्द निघाला नाही.

‘हो म्हणाल्या. लिहा.’

पेन्सिल कागदावर होती. दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एकच. एवढंसंच. लिहिलं की संपलं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता आणि थोरली तो मोजत बसली. सात सेकंद झाले.

‘ती हो म्हणाली नाही, साहेब,’ थोरली म्हणाली. ‘मान हलवली.’

‘तेच ते.’

‘तेच ते नाही. आणि ते पान मी घेतलं. बदलीची वही तिच्या कपाटात आहे, बघून घ्या.’

धाकटी ‘ताई’ म्हणाली. थोरलीनं तिच्याकडे असं काही पाहिलं की ती गप्प झाली. खरं सांगायचं तर त्या क्षणी थोरलीच्या मनात चालक होता, घड्याळवाला होता, ते बोटाखाली झाकलेलं अक्षर होतं. पण सगळ्यात वर होतं ते हेच, की एवढं मोठेपण हिला एकटीला मिळू द्यायचं नाही. काही झालं तरी नाही. माणूस कशाकशानं खरं बोलतो, सांगता येत नाही.

प्रबंधकांनी पहिल्यांदा कागदावरून डोळे उचलले. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग थोरलीला म्हणाले की आता खुलासा तुमचा घ्यावा लागेल, आणि घ्यायला दुसरं कुणी नाही, तेव्हा तुमचा तुम्हीच लिहा. थोरलीनं पान उलटलं, वर तारीख घातली. त्यांनी प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली आणि दिली तशी उतरवली. कुठे घसा खाकरला तेही कंसात लिहिलं.

शेवटी त्यांनी विचारलं, ही चूक निकालाआधी कुणी तुमच्या लक्षात आणून दिली होती का?

थोरलीला उत्तर द्यायला वेळ लागला. शेजारी धाकटी पदराच्या टोकाशी चाळा करत बसली होती. थोरलीनं आधी कंसात लिहिलं, ‘उत्तर नाही’. मग त्याखाली लिहिलं, ‘हो.’ त्यापुढे लिहिलं, ‘माझ्या जाऊबाईंनी.’ मग खाली सही केली आणि पेन्सिल धाकटीला परत दिली.